वाचणार नागूबाईच

नागूबाईच्या बोटांना ठसे नाहीत. चाळीस वर्षं विड्या वळता वळता ते झिजून गेले. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र तिला बघितलं की रुसून बसतं. अंगठा ठेवा, पुसा, परत ठेवा, आता दुसरा ठेवा. रांगेतल्या लोकांनी मागं चुळबुळ केली की ती वळून म्हणते, "मला काय बघताय? त्या डबड्याला बघा की! एवढी बाई समोर उभी हाय, ती दिसंना व्हय त्याला?"

असल्या बाईच्या हातात टॅबलेट आला, म्हणजे काय होणार हे सगळ्या बोळाला आधीच माहीत होतं. बोळाला नेहमी सगळं आधीच माहीत असतं.

पण टॅबलेटच्या आधी विहाराचं सांगायला हवं, कारण सगळा झगडा तिथला. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या बोळाच्या टोकाला बौद्ध विहार आहे. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथं रोज संध्याकाळी धम्माच्या ग्रंथाचं वाचन होतं. घरागणिक एक दिवस, आणि त्या दिवसाची पानं दरवर्षी ठरलेली. ज्या घराची पाळी, त्या घरच्या माणसानं वाचायचं आणि शेवटी त्याच घरानं खीर वाटायची. पद्धत चांगली आहे, तिला कुणी नावं ठेवणार नाही. फक्त तिच्यात एक गोम होती. वाचायला घरातला कारकून नाहीतर मास्तर उभा राहायचा आणि खीर ढवळायला घरातली म्हातारी. ग्रंथात लिहिलंय काय आणि आपण करतो काय, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

नागूबाईची होती. अकरा वर्षांपूर्वी, पन्नाशी ओलांडल्यावर, विहारातच दुपारी भरणाऱ्या बायकांच्या वर्गात ती अक्षरं शिकली आणि त्याच वर्षी आपल्या घराच्या पाळीला ग्रंथ हातात घेऊन उभी राहिली. अक्षर बारीक, दिवा मिणमिणता, डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागलेला. दोन ओळी कशाबशा गेल्या. तिसऱ्या ओळीत 'प्रतीत्यसमुत्पाद' आलं आणि गाडी जी अडली ती अडलीच. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तिचा मुलगा यशपाल, तेव्हा नुकताच कॉलेजात कारकून म्हणून लागलेला, खाली मान घालून सतरंजीचे धागे उपटत बसला. मग धर्मपाल सर उठले. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पाळ्यांची यादी तेच करतात. त्यांनी नागूबाईच्या हातातून ग्रंथ अलगद काढून घेतला.

"बसा नागूबाई. तुम्ही ऐका. ऐकण्यातही पुण्य आहेच."

अलगद काढून घेतला, हेच तिला जास्त लागलं. विडीच्या कारखान्यात माल मोजून घेणारा माणूस वाकडी विडी अशीच दोन बोटांनी उचलून बाजूला टाकायचा. त्या टाकलेल्या विड्यांना छाट म्हणायचे. त्या संध्याकाळी खीर वाटता वाटता नागूबाईला समजलं की आज आपलीच छाट झाली. तेव्हापासून यादीत तिच्या घरापुढं यशपालचं नाव असतं. दरवर्षी ती म्हणायची, मला द्या. दरवर्षी सर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

सर वाईट माणूस नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. निम्म्या बोळाला त्यांनीच लिहायला शिकवलं. पण शिकवणाऱ्या माणसाला कधी कधी वाटायला लागतं की चूक करायची परवानगीसुद्धा आपणच द्यायची असते.

तर टॅबलेट. तो नातीचा, तेजश्रीचा. लॉकडाऊनमध्ये शाळा घरात आली तेव्हा घेतलेला. तेजश्री नर्सिंगला पुण्याला गेली आणि जाताना आजीच्या मांडीवर तो ठेवून गेली, "आज्जी, हा आता तुझा." यशपाल हसला. "रेशनचं मशीन हिच्या बोटाला दाद देत नाही, हा देणार?"

आणि खरंच देईना. नागूबाईनं एकदा बोट टेकवलं, दहादा टेकवलं, शेवटी दार वाजवावं तसं वाजवलं. आत कुणी नव्हतंच जणू. चुकून कधी उघडला तर उघडला. पण ती हटली नाही. वळसंग तिचं माहेर; तिकडं माणसं दगडातून ज्वारी काढतात.

मे महिन्यात त्यानं दगा दिला, किंवा खरं सांगायचं तर तिनं त्याला दिला. दुपारची वेळ, बाहेर सोलापूरचं चव्वेचाळीस डिग्री ऊन, घरात वर पत्रा. टॅबलेट चार्जिंगला लावून तिनं गोधडीवर ठेवलेला. हात लावून बघते तर तव्यासारखा तापलेला, आणि पडद्यावर काहीतरी तांबडं आलेलं. आता चाळीस वर्षांचा हात काय करील? विडीचं टेंभुर्णीचं पान उन्हानं कडक झालं की वळताना तुटतं. म्हणून पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवायची, की तासाभरात कशी मऊसूत. नागूबाईनं गोणपाट भिजवलं, पिळलं, टॅबलेट त्यात नीट गुंडाळला आणि माठाशेजारी ठेवून दिला. वर समाधानानं एक झोपही काढली.

संध्याकाळी यशपाल आला. गोणपाट उलगडलं, टॅबलेटमधून पाणी ठिबकलं.

"आई! अगं हे काय विडीचं पान आहे का?"

"मग तापल्यावर काय फुंकर मारत बसायचं?"

"तुला यातलं काही कळत नाही, तर हात लावू नये ना!"

हे वाक्य त्यानं रागात म्हटलं आणि विसरून गेला. ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी टॅबलेट पदराखाली घेऊन ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिला सगळं विचारलं, तिनं गोणपाटासकट सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग शहाण्यासारखं बोलला: "मावशी, आता हा चालू करून बघायचा नाही. चार्जिंगला लावायचा नाही. तांदळाच्या डब्यात पुरायचा नाही. चार दिवस नुसता पंख्याखाली उभा ठेवा. आणि परत तापला तर वायर काढायची, कव्हर काढायचं आणि गार फरशीवर ठेवून द्यायचा. गादीवर, गोधडीवर कधीच नाही."

घरात धड चालणारा पंखा एकच. तो चार दिवस टॅबलेटला मिळाला आणि यशपाल पुठ्ठ्यानं वारा घेत बसला. शेजारच्या पार्वतम्मा, तीस वर्षं नागूबाईच्या मांडीला मांडी लावून विड्या वळलेल्या, रोज सकाळी भिंतीवरून विचारायच्या, "नागक्का, बाळंतीण कशी हाय?" पाचव्या दिवशी बाळंतिणीनं डोळे उघडले. पडद्याच्या कोपऱ्यात ढगासारखा एक डाग राहिला, तेवढाच.

आणि मग जूनमध्ये ती गंमत झाली. पार्वतम्मा अजून थोड्या विड्या वळतात. नागूबाई त्यांच्या ओट्यावर बसून ओल्या गोणपाटातली पानं उचलून देत होती. मध्येच टॅबलेटवर तेजश्रीचा फोन वाजला. तिनं त्याच दमट बोटानं पडद्याला हात लावला आणि फोन लगेच उचलला गेला. नागूबाई बघतच राहिली. तिनं फोन ठेवला, बोट पदराला कोरडं केलं, पडद्याला लावलं. ढिम्म. गोणपाटाला टेकवलं, परत लावलं. उघडला!

"पार्वतम्मा, ह्याला पाणी लागतंय गं! पर ओलं न्हाय. दमट. पान वळायला बोटाला लागतं तेवढंच."

चाळीस वर्षांत जे बोटातून गेलं होतं ते बोटानंच परत मिळवलं. त्या दिवसापासून तिच्या पिशवीत एक स्टीलची डबी आली आणि डबीत दमट फडक्याचा तुकडा.

पुढचं सगळं तिनं झपाट्यानं घेतलं. तेजश्री पुण्याहून सांगायची, ही करायची. अक्षर मोठं करायची जागा सापडली, तेव्हा तिनं ते इतकं मोठं केलं की पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावले, आणि ती मोठ्यानं हसली. विहारातून ग्रंथ मागून आणून तिनं आपल्या पाळीच्या पानांचे फोटो काढले. खिडकीजवळच्या उजेडात, वरून सरळ, म्हणजे सावली पडत नाही आणि ओळी वाकत नाहीत. मग फोटोवर दोन बोटं ठेवून फाकवायची, की मुंगीएवढं अक्षर भाकरीएवढं. वाचता वाचता पडदा आपोआप विझायचा. तिनं त्याची झोप अर्ध्या मिनिटावरून दहा मिनिटांवर नेली. वाचताना कुणाचा फोन येऊ नये म्हणून विमानाचं चित्र दाबायचं, हे तिला फारच आवडलं. "दाबलं की आपण कुणाला सापडत न्हाय. हे यशपालच्या बापाच्या वेळंला पायजे होतं."

पार्वतम्मांनाही तिनं शिष्य करून घेतलं. "अनोळखी माणसानं निळी ओळ धाडली की तिच्यावर बोट ठेवायचं न्हाय. रस्त्यावर कुणीबी दिलेला पेढा खातीस का?"

"न्हाय की."

"मग झालं."

तेजश्रीनं आणखी एक सांगितलं: फोटोतली अक्षरं ओळखून मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप. आत बसलेली बाई गोड गळ्याची होती. नागूबाई आधी स्वतः एक ओळ वाचायची, मग त्या बाईला वाचायला लावायची आणि आपलं कुठं चुकलं ते बघायची. पण त्या बाईला दुःख आणि दुपार सारखंच; सगळं एका सुरात. एकदा तर वाक्याच्या मध्येच ती "एकशे बारा" म्हणाली. नागूबाईनं पान बघितलं. पानाचा आकडा वाचला होता बयेनं. त्या दिवशी नागूबाईची भीड चेपली. एवढी शिकलेली बाई चुकते आणि तिच्या हातातून कुणी ग्रंथ काढून घेत नाही!

यशपालला मात्र यात सोय दिसली. "आई, मग पाळीला तू फक्त बटण दाब. ती वाचेल. सगळ्यांनाच बरं."

नागूबाईला असा राग आला की भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "आजवर सरांच्या तोंडून ऐकलं, तुझ्या तोंडून ऐकलं. आता ह्या काचेतल्या बाईच्या तोंडून ऐकू? माझं तोंड काय खीर चाखायलाच हाय व्हय?"

आषाढ लागता लागता बोळाच्या ग्रुपवर पाळ्यांची यादी आली. नागूबाईच्या घरापुढं यशपालचं नाव. ती दुपारची वेळ; मुलगा कॉलेजात, सून गणवेश शिवायच्या कारखान्यात. टाइप करायला तिला फार वेळ लागतो. तिनं माइकचं चित्र दाबलं, तोंड जवळ नेलं आणि स्वच्छ बोलली. अक्षरं उमटली. तिनं ती दोनदा वाचून बघितली, कारण बोललेलं पाठवायच्या आधी वाचावं, हे तिला अनुभवानं कळलं होतं. मागं एकदा पार्वतम्मांना दिलेल्या शिव्या चुकून सगळ्या ग्रुपला गेल्या होत्या. मग बोट फडक्याला टेकवून तिनं पाठवून दिलं: "आमच्या घराच्या पाळीला वाचन मी करणार. नागूबाई."

दहा मिनिटं गेली. मग सरांचं उत्तर आलं, आधी हात जोडलेले, नंतर मजकूर: "भावना समजतात. परंतु वाचन शुद्ध व्हावे, यासाठी यशपाल यांनीच वाचावे."

तिनं परत माइक दाबला. "वाचणार नागूबाईच."

संध्याकाळी यशपाल घामाघूम होऊन आला. "आई, ग्रुपवर काय लिहिलंस? सर काय म्हणतील?"

"सर म्हणतील ते मला म्हणतील. तुला का घाम फुटला?"

तो कॉटवर बसला. बराच वेळ बूट काढत राहिला. "आई, परत अडलीस तर?"

तर हे होतं पोटात. अकरा वर्षं त्याच्याही पोटात होतं. नागूबाईला त्याची कीव आली, पण राग त्याहून मोठा होता. "अडले तर अडले. तू चालायला शिकलास तवा पडला न्हाईस व्हय? तुला बाजूला बसवून मी दुसऱ्याचं पोरगं चालवलं का?" आणि जरा थांबून म्हणाली, "पाळीच्या दिवशी खीर तू ढवळायची."

"मी?"

"व्हय. ढवळण्यातबी पुण्य हाय."

भाद्रपदातला तो दिवस. नागूबाई पांढरी साडी नेसून विहारात आली, हातात पिशवी, पिशवीत टॅबलेट आणि डबी. विहार भरलेला, एवढी गर्दी काही ग्रंथासाठी नव्हती, ही म्हातारी काय करते ते बघायला लोक आले होते. पार्वतम्मा दाराशी बसल्या. बाहेर चुलीवर खिरीचं पातेलं आणि पातेल्याशी यशपाल, उलथनं कसं धरतात ते शोधत. वंदना झाली. नागूबाईनं टेबलावरचा ग्रंथ उघडून ठेवला आणि त्याच्याशेजारी टॅबलेट उभा केला.

धर्मपाल सर उठलेच. "नागूबाई, ग्रंथ समोर असताना हे काय? इथं वाचन ग्रंथातूनच होतं. पडद्यातून नाही. ही आपली पद्धत आहे."

"ह्याच पानाचा फोटू हाय सर. काना-मात्रा इकडची तिकडं न्हाय."

"तरी मध्ये यंत्र आलंच ना!"

नागूबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमच्या नाकावर काय हाय, सर?"

सरांचा हात आपसूक चष्म्याकडं गेला.

"तीबी काचच की. तुमची काच नाकावर, माझी टेबलावर. तुमी ती काढून वाचा, मी ही बाजूला ठेवते."

विहारात आधी एक बाई हसली, मग दहा. सर खाली बसले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, गोंधळ होता. वर्गात पोरानं पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारला की मास्तर जसा बघतो, तसे ते बघत होते.

नागूबाईनं विमानाचं चित्र दाबायला बोट टेकवलं. टॅबलेट ढिम्म. परत टेकवलं. मागून फिस्सकन आवाज आला, अगदी अकरा वर्षांपूर्वीचाच. पण हात घाबरला नाही. हाताला काम माहीत होतं. तिनं पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं, फडक्यावर बोट टेकवलं, आणि विमान लागलं. अक्षरं वर आली, काळी, ठळक, भाकरीएवढी.

तिनं वाचायला सुरुवात केली. ती भरभर वाचत नव्हती. एकेक शब्द उचलायची, बघायची, ठेवायची. दुसऱ्या ओळीला खणखणीत रिंग वाजली. सगळ्यांनी तिच्या टॅबलेटकडं बघितलं. वाजत होता तो सरांचा खिसा. सरांनी धडपडत तो बंद केला, आणि नागूबाई तोवर ओळीवर बोट धरून उभी राहिली.

मग तो शब्द आला. येणार हे तिला ठाऊक होतं. त्या पानाच्या वाटेवर तो बसलेलाच होता. घरी तिनं तो शंभरदा म्हटला होता. पण घर निराळं आणि शंभर डोळ्यांसमोर उभं राहणं निराळं. "प्रती..." म्हणाली आणि अडली. बाहेर यशपालचं उलथनं थांबलं.

"प्रतीत्य..." सर खालून हळूच सांगायला लागले. चांगल्या मनानंच सांगत होते.

नागूबाईनं पंजा वर केला. "थांबा सर. मी वाचते."

सर थांबले.

तिनं दोन बोटं फडक्याला टेकवली, पडद्यावर ठेवली आणि फाकवली. आता सगळ्या पडद्यावर तो एकच शब्द राहिला. पळायला त्याला जागाच नव्हती. तिनं घाई केली नाही. लोकांना थांबायला लावलं, आणि लोक थांबले. "प्र-ती-त्य," ती म्हणाली. "स-मु-त्पा-द." आणि मग सगळा एकत्र, खड्या आवाजात, बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा: "प्रतीत्यसमुत्पाद!"

दाराशी पार्वतम्मांनी डोळ्याला पदर लावला. त्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांना बोटं ठाऊक होती.

पान संपलं. "साधु, साधु, साधु," विहार म्हणाला. रीत अशी की एक पान वाचून झालं की पाळी झाली. उरलेलं सर वाचतात. सर उठले, टेबलाशी आले आणि ग्रंथ घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तसाच अलगद.

नागूबाईनं उघड्या ग्रंथावर आपला बिनठशांचा तळवा ठेवला.

"अजून हाय की, सर," ती म्हणाली. "बसा. ऐका."

सर तिच्याकडं बघत क्षणभर उभे राहिले आणि खाली बसले. बाहेरून खीर करपल्याचा वास यायला लागला होता. नागूबाईनं डबीतल्या फडक्यावर बोट टेकवलं आणि पुढचं पान काढलं.